स्वगत आणि समूहस्वर : हान्झी क्युर्श याची गीतरचना

कथा सांगणे आणि कथेतील एखाद्या पात्रास बोलते करणे या दोन भिन्न वाङ्मयीन कृती आहेत. पहिलीत निवेदकाला काळाचा ओघ सांभाळावा लागतो. दुसरीत तो ओघ काही काळ थांबवावा लागतो. एखाद्या दीर्घ गद्यकथेवर पाच-सहा मिनिटांचे गीत रचू पाहणाऱ्यासमोर यांपैकी कोणता मार्ग पत्करावा, हा प्रश्न प्रारंभीच उभा राहतो. कथा सांगू गेल्यास गीत हे ग्रंथाचे सारांशवजा टिपण होऊन बसते. पात्रास बोलते करू गेल्यास मूळ ग्रंथ न वाचलेला श्रोता गोंधळून जातो. जर्मनीतील ‘ब्लाइंड गार्डियन’ या बँडचा गायक आणि गीतकार हान्झी क्युर्श याने या पेचातून जी वाट काढली, तिचे स्वरूप प्रस्तुत लेखात स्पष्ट करावयाचे आहे.

क्युर्श ज्या संगीतप्रकारात रचना करतो त्यास ‘पॉवर मेटल’ असे नाव आहे. अतिशय द्रुत लय, विद्युत्-गिटारींचा दाट नाद आणि उंच पट्टीतील गायन यांमुळे हा प्रकार प्रथमश्रवणी गोंगाटाचा वाटतो, आणि त्यातील शब्दांचा स्वतंत्र विचार करण्याजोगे काही नसावे अशी समजूत सहज होते. क्युर्शच्या रचना त्या समजुतीची कसोटी पाहणाऱ्या आहेत. त्याने विषय घेतले ते टॉल्किनच्या पुराकथांपासून होमरच्या ट्रॉयपर्यंत आणि आर्थर राजाच्या आख्यानांपासून मिल्टनच्या राजकीय गद्यापर्यंत. परंतु विषयांची यादी मोठी असणे हे काही रचनेचे श्रेय नव्हे. थोर ग्रंथाचा आधार घेतल्याने गीत थोर होत नाही. म्हणून आधार कोणता घेतला यापेक्षा त्या आधाराचे गीतात काय झाले, हाच प्रश्न येथे महत्त्वाचा मानावयास हवा.

१. संगीताची परंपरा

हान्झी क्युर्श याचा जन्म १९६६ साली झाला. १९८४ च्या सुमारास जर्मनीच्या पश्चिम भागातील क्रेफेल्ट या शहरात तो आणि गिटारवादक आंद्रे ओल्ब्रिख यांनी ‘ल्यूसिफर्स हेरिटेज’ या नावाने एकत्र वादनास आरंभ केला. पुढे गिटारवादक मार्कुस झीपन आणि ड्रमवादक थोमन श्टाउख हे त्यांचे स्थिर सहकारी झाले. सैतानाचे नाव धारण केल्यामुळे आपली गणना भलत्याच पंथाच्या संगीतात होईल, हे ध्यानात आल्यावर त्यांनी ‘ब्लाइंड गार्डियन’ हे नाव स्वीकारले. त्या नावाने ‘बटॅलियन्स ऑफ फिअर’ ही पहिली ध्वनिमुद्रिका १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली.

त्या काळात या तरुणांच्या कानावर जे संगीत पडत होते त्याचे तीन प्रवाह वेगळे करून पाहता येतात. पहिला प्रवाह इंग्लंडमधील हेवी मेटलचा. ‘आयर्न मेडन’ या बँडने दोन गिटारींनी एकच सुरावट परस्परांपासून ठरावीक अंतरावरील स्वरांत वाजविण्याची पद्धत रूढ केली होती. त्याच बँडने १९८४ मध्ये कोलरिजच्या ‘एन्शंट मरिनर’ या १७९८ सालच्या दीर्घ कवितेवर तेरा मिनिटांहून अधिक लांबीचे गीत रचले होते. अभ्यासक्रमातील कविता विद्युत्-गिटारीच्या संगीतात आणता येते, याचा हा ठळक दाखला जर्मनीतील तरुणांपुढे होता. दुसरा प्रवाह अमेरिकेतील ‘थ्रॅश’ या प्रकाराचा. तोडलेल्या, कठोर आणि अतिद्रुत गिटारखंडांचा तो प्रकार असून ‘बटॅलियन्स ऑफ फिअर’ आणि तिच्यामागून १९८९ मध्ये आलेली ‘फॉलो द ब्लाइंड’ या दोन्ही ध्वनिमुद्रिकांवर त्याची छाप उघड आहे.

तिसरा आणि सर्वांत निकटचा प्रवाह हॅम्बुर्गच्या ‘हॅलोवीन’ या बँडचा होय. त्याच्या १९८७ आणि १९८८ मधील ‘कीपर ऑफ द सेव्हन कीज’ या दोन भागांच्या ध्वनिमुद्रिकांनी युरोपीय पॉवर मेटलचा साचा घडविला. दोन्ही पायांनी अखंड वाजविलेला मोठा ड्रम, उंच स्वरातील गायन, आणि प्रत्येक कडव्यानंतर श्रोत्याने सहज उचलावे असे उजळ, उत्साही ध्रुवपद ही या साच्याची लक्षणे होत. त्या बँडचा एक संस्थापक काय हान्सेन हा ब्लाइंड गार्डियनच्या १९८९ मधील ‘व्हॅलहाला’ आणि १९९० मधील ‘लॉस्ट इन द ट्वायलाइट हॉल’ या गीतांत पाहुणा गायक म्हणून सहभागी झाला. म्हणजे हा प्रभाव केवळ दुरून ऐकल्याचा नव्हता. तो प्रत्यक्ष सहवासाचाही होता.

या तीन प्रवाहांनी क्युर्शच्या संगीताचा वेग, नाद आणि साचा समजतो. त्याचे वैशिष्ट्य मात्र समजत नाही. ते समजण्यासाठी मेटलच्या बाहेरचा एक प्रभाव लक्षात घ्यावा लागतो. तो म्हणजे अनेक कंठांच्या स्वरसंगतीचा. ‘फॉलो द ब्लाइंड’ या कठोर ध्वनिमुद्रिकेच्या शेवटी ‘बार्बरा ॲन’ हे ‘बीच बॉइज’ने लोकप्रिय केलेले खेळकर गीत येते. १९९६ च्या ‘द फर्गॉटन टेल्स’ या संग्रहात त्याच्या जोडीला ‘सर्फिन यू. एस. ए.’, १९५४ साली चार स्त्रीकंठांनी गाजविलेले ‘मिस्टर सँडमन’ आणि ‘क्वीन’चे ‘स्प्रेड युअर विंग्ज’ ही गीते आहेत. ही निवड वरवर पाहता थट्टेची वाटते. तरीही अनेक कंठांची रचना असलेल्या संगीताकडे ही मंडळी वारंवार वळत होती, हे तीवरून स्पष्ट होते.

यांत ‘क्वीन’चे स्थान विशेष आहे. १९७५ मधील ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या गीतात तीन गायकांनी आपलेच आवाज एकावर एक पुन्हा पुन्हा मुद्रित करून एका मोठ्या गायकसमूहाचा आभास निर्माण केला होता. ध्वनिमुद्रणाचे यंत्र हे केवळ जतनाचे साधन न राहता रचनेचे साधन झाल्याचे ते उदाहरण आहे. क्युर्श आणि ओल्ब्रिख यांनी हे तंत्र मेटलच्या द्रुत लयीत आणले. क्वीनच्या ज्या ध्वनिमुद्रिकेत ते गीत होते तिचे ‘ए नाइट ॲट द ऑपेरा’ हेच नाव त्यांनी २००२ मध्ये आपल्या ध्वनिमुद्रिकेस दिले. ऋणाची याहून उघड कबुली क्वचितच आढळेल.

२. रचनेचा क्रम

क्युर्शच्या रचनापद्धतीतील पहिली लक्षणीय गोष्ट ही की, शब्द सर्वांत शेवटी येतात. गिटारचे ठाशीव, आवर्तनाने येणारे स्वरखंड, ज्यांना ‘रिफ’ म्हणतात, ते आणि त्यांची मांडणी प्रथम सिद्ध होते. या कामात ओल्ब्रिखचा वाटा मोठा असतो. नंतर गायनाची सुरावट ठरते. आणि सुरावट पक्की झाल्यावर तिच्या मापात शब्द बसविले जातात. ज्या भाषेत ते शब्द बहुतांशी येतात ती इंग्रजी असून ती क्युर्शची मातृभाषा नव्हे, हेही ध्यानात ठेवावयास हवे.

या क्रमाचे परिणाम दूरगामी आहेत. ज्या गीतात शब्द आधी असतात तेथे अर्थाच्या ओघाप्रमाणे सुरावट वळते. येथे स्थिती उलट आहे. कोणत्या ठिकाणी स्वर चढणार, कोठे लय अचानक अर्धी होणार, कोठे एकटा आवाज राहणार आणि कोठे समूह उसळणार, हे शब्दांपूर्वीच निश्चित झालेले असते. म्हणजे भावनेचा आराखडा आधी तयार असतो. गीतकाराला त्या आराखड्यास योग्य असा प्रसंग आणि योग्य असा वक्ता शोधावा लागतो. हा शोध म्हणजेच क्युर्शच्या कवित्वाचा गाभा होय. ग्रंथ समोर ठेवून त्यास चाल लावण्याची ही रीत नाही. चालीने जी मनःस्थिती उभी केली आहे ती कोणाच्या तोंडी शोभेल, असा प्रश्न विचारून ग्रंथाकडे जाण्याची ही रीत आहे.

कथानकाऐवजी मनःस्थितीचा शोध असल्यामुळे कथेचा आरंभ-मध्य-अंत सांगण्याची निकड आपोआप कमी होते. ज्या पात्राच्या मनात एकाच वेळी अनेक भाव झगडत आहेत असेच पात्र अशा वेळी उपयोगी पडते. कारण संगीतातही एकाच गीतात लय आणि स्वरभाव वारंवार पालटत असतात. त्यामुळे विजयी वीरापेक्षा अपराधी, शापित किंवा पराभूत मनुष्य हा क्युर्शच्या गीतांचा स्वाभाविक नायक ठरतो. १९९५ मधील ‘मॉर्ड्रेड्स साँग’ हे याचे चांगले उदाहरण आहे. आर्थरच्या आख्यानात मॉर्ड्रेड हा पित्याच्या राज्याचा घात करणारा पुत्र. कथा सांगणाऱ्याच्या दृष्टीने तो खलपुरुष. परंतु या गीतात बोलतो तोच, आणि त्याच्या बोलण्यातून वेदना आणि अटळ नियतीची जाणीव व्यक्त होते.

पुस्तकाचा आधार नसलेल्या गीतांतही ही रीत सुटत नाही. १९९२ च्या ‘समव्हेअर फार बियाँड’ या ध्वनिमुद्रिकेतील ‘ॲशेस टू ॲशेस’ या गीतामागे क्युर्शच्या वडिलांच्या मृत्यूचा अनुभव आहे. खाजगी शोक आणि काल्पनिक पात्राचे दुःख ही दोन्ही त्याच शैलीच्या ध्वनिमुद्रिकेत शेजारी शेजारी नांदतात. पुराकथेचे मुखवटे हे भावना टाळण्याचे निमित्त नसून ती उच्चारण्याचे साधन आहे, असे अनुमान यावरून काढता येते.

३. ‘नाइटफॉल इन मिडल-अर्थ’

या पद्धतीचे सर्वांत परिपूर्ण रूप १९९८ मधील ‘नाइटफॉल इन मिडल-अर्थ’ या ध्वनिमुद्रिकेत दिसते. तिचा आधार जे. आर. आर. टॉल्किन याचा ‘द सिल्मरिलियन’ हा ग्रंथ आहे. टॉल्किन १९७३ मध्ये निवर्तला. त्याच्या पश्चात पुत्र क्रिस्टोफर याने हस्तलिखिते संपादून हा ग्रंथ १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. ग्रंथाची शैली बखरीच्या जवळची आहे. शेकडो वर्षांचा काळ, अनेक राजकुळे, युद्धे आणि शपथा यांचा वृत्तांत त्यात दुरून, तटस्थपणे दिला आहे. पात्रे थोडे बोलतात. त्यांच्या अंतरंगात निवेदक क्वचितच शिरतो. अशा ग्रंथाचा सारांश गाणे जवळजवळ अशक्य आहे. परंतु बखरीने जे सांगितले नाही ते पात्रांच्या तोंडून वदविण्यास तेथे भरपूर अवकाश आहे. क्युर्शने नेमका तोच अवकाश उपयोगात आणला.

ध्वनिमुद्रिकेत एकूण २२ खंड आहेत. त्यांपैकी ११ पूर्ण गीते असून उरलेले ११ हे लहान जोडखंड आहेत. या जोडखंडांत संवाद, निवेदन, ध्वनिपरिणाम किंवा एखादी छोटी सुरावट असते. विभागणीमागील हेतू स्पष्ट आहे. घटना पुढे नेण्याचे काम बव्हंशी जोडखंडांवर सोपविल्यामुळे गीतांना थांबण्याची मोकळीक मिळते. मराठी संगीत नाटकाच्या अभ्यासकास ही व्यवस्था अपरिचित वाटणार नाही. तेथेही गद्य संवाद कथा पुढे नेतो आणि पद त्या कथेतील एका भावावर स्थिरावते. दोन परंपरांचा परस्परांशी संबंध नाही. परंतु दोघींपुढील अडचण एकच होती, आणि उत्तरही सारखेच निघाले.

गीतांत बोलते कोण, हे पाहिल्यास निवडीचे तत्त्व उलगडते. ‘द कर्स ऑफ फेआनोर’ या गीतात फेआनोर बोलतो. अमूल्य रत्ने चोरीस गेल्यामुळे संतापाने शपथ घेऊन आपल्याच बांधवांचा रक्तपात करणारा हा राजपुत्र आहे. आणि गीतात त्याचा क्रोध व अपराधभाव एकमेकांत मिसळलेले आहेत. ‘ब्लड टिअर्स’ मध्ये शत्रूच्या कैदेत कड्यावर टांगला गेलेला त्याचा पुत्र मायध्रोस आपल्या यातना सांगतो. ‘थॉर्न’ मध्ये मायग्लिन हा गोंदोलिन नगराचा भावी घातकी आपल्या मनाशी निर्णय करीत असतो. ‘द एल्दार’ हे संथ, पियानोच्या साथीचे गीत फिनरॉद या मरणोन्मुख राजाने आपल्या लोकांचा घेतलेला निरोप आहे. घटनांचा क्रम ठाऊक नसलेल्या श्रोत्यालाही येथे एक गोष्ट निश्चित कळते : बोलणारा एका उंबरठ्यावर उभा आहे, मागे फिरणे त्याला शक्य नाही.

इंग्रजी काव्याच्या अभ्यासकाला येथे रॉबर्ट ब्राउनिंगची आठवण होणे स्वाभाविक आहे. १८४२ च्या ‘ड्रॅमॅटिक लिरिक्स’ मध्ये त्याने नाट्यात्म स्वगताचे जे रूप सिद्ध केले, त्यातही कवी बाजूस राहतो आणि एखादे पात्र बोलता बोलता स्वतःस उघडे पाडते. दोहोंत एक मोठा भेद मात्र आहे. ब्राउनिंगचे पात्र बहुधा आपण काय उघड करीत आहोत हे जाणत नाही. वाचक ते ओळखतो. क्युर्शचे पात्र स्वतःचा दोष जाणते आणि तो मोठ्याने उच्चारते. उपरोधाऐवजी येथे विलापाचा सूर आहे. संगीताची उत्कटता पाहता हा बदल अपरिहार्य म्हणावा लागेल; एवढ्या उंच स्वरात उपरोध टिकणे कठीण.

संपूर्ण ध्वनिमुद्रिकेची चौकटही याच तत्त्वावर उभी आहे. पहिला जोडखंड ‘वॉर ऑफ रॉथ’ हा कथेच्या आरंभाचा नसून शेवटचा प्रसंग आहे. महायुद्धात पराभव समोर दिसत असता सौरोन आपल्या स्वामीस, मॉर्गॉथ यास, निसटून जाण्याचा सल्ला देतो; स्वामी त्यास दूर पाठवितो आणि गत घटना आठवू लागतो. म्हणजे पुढे जे ऐकावयाचे ते पराभूताच्या स्मरणाच्या छायेत ऐकावयाचे. बखरकाराची तटस्थता टाकून देण्याचा निर्णय अशा रीतीने पहिल्या दोन मिनिटांतच जाहीर होतो.

याच ध्वनिमुद्रिकेपासून क्युर्शने बेस गिटार वाजविणे सोडून आपले सर्व लक्ष गायनावर केंद्रित केले, आणि बेसचे काम ओलिव्हर होल्ट्सवार्थ याजकडे गेले. वरील विवेचनाच्या संदर्भात हा बदल निव्वळ व्यावहारिक राहत नाही. एकाच गायकाने एकामागून एक भिन्न पात्रांची स्वगते म्हणावयाची, तर कुजबुजीपासून किंकाळीपर्यंतचे सर्व कंठविशेष त्यास हाताशी हवेत. आणि त्यासाठी हात मोकळे असणे उपकारकच.

४. समूहस्वराचे कार्य

स्वगत हे स्वभावतः एकट्याचे असते. क्युर्शच्या गीतांत मात्र एकटेपणा फार काळ टिकत नाही. ध्रुवपद येताच अनेक आवाजांचा समूह उभा राहतो. हा समूह काही क्युर्शच्या स्वतःच्या पुन्हा पुन्हा मुद्रित केलेल्या आवाजांनी, तर काही रॉल्फ क्योलर, थॉमस हॅकमन, ओलाफ झेंकबाइल आणि बिली किंग यांसारख्या साथगायकांच्या आवाजांनी घडतो. त्याच्या भोवती ओल्ब्रिखची गिटार गाण्याच्या ओळींना छेद देत स्वतंत्र सुरावट विणत राहते. त्यामुळे ध्रुवपदाच्या ठिकाणी श्रोत्याच्या कानी एकाच वेळी तीन-चार स्वरधारा पडतात.

हा थाट केवळ भव्यतेसाठी आहे काय? तसे असते तर प्रत्येक गीतात समूहाचे कार्य एकच राहिले असते. प्रत्यक्षात ते पालटते. ‘नाइटफॉल’ या गीतात प्रकाश हरपलेल्या एका संपूर्ण जमातीचा शोक आहे. तेथे समूह म्हणजे ती जमातच, आणि एकट्याचा आवाज हा तिचा प्रवक्ता. ‘थॉर्न’ सारख्या गीतात बोलणारा एकाकी आहे; तेथे समूह त्याचा साथीदार वाटत नाही, त्याच्या मनातील वाढत जाणाऱ्या सक्तीसारखा भासतो. ट्रॉयच्या पतनावरील ‘अँड देन देअर वॉज सायलेन्स’ या, २००१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या, सुमारे चौदा मिनिटांच्या गीतात भविष्य जाणणारी परंतु कोणी विश्वास न ठेवलेली कॅसांड्रा केंद्रस्थानी आहे. एकटीला ठाऊक असलेले सत्य आणि ते न ऐकणारे नगर, असा तो विरोध. आणि एक कंठ विरुद्ध अनेक कंठ ही योजना त्या विरोधाला प्रत्यक्ष नादरूप देते. ग्रीक शोकांतिकेतील गायकवृंदाचे स्मरण येथे अस्थानी ठरू नये.

समूहस्वराचे आणखी एक कार्य सभागृहात प्रकट होते. १९९२ मधील ‘द बार्ड्स साँग : इन द फॉरेस्ट’ हे अल्प वाद्यसाथीचे, विद्युत्-गिटारीविना गायले जाणारे गीत आहे. विषय आहे चारणाच्या गाण्यांचे चिरंजीवित्व. जाहीर कार्यक्रमांत हे गीत श्रोते पहिल्या ओळीपासून स्वतःच गातात. गायक बहुशः त्यांना साथ देतो. गिटारी उतरल्या, ड्रम थांबला, तरी गीत उरते. ज्या गीतात गाणे टिकून राहील असे म्हटले आहे ते श्रोत्यांच्या कंठात प्रत्यक्ष टिकलेले दिसते. यंत्राच्या साहाय्याने निर्मिलेला समूह अशा वेळी खऱ्या माणसांच्या समूहाला जागा करून देतो.

५. मर्यादा आणि प्रयोग

या पद्धतीस मर्यादा आहेत, आणि त्या दृष्टीआड करणे योग्य होणार नाही. शब्द शेवटी येत असल्यामुळे सुरावटीचे माप सांभाळताना वाक्यरचना काही वेळा ताणली जाते आणि अर्थ तुटक होतो. बोलणारा कोण हे गीतात स्पष्ट सांगितलेले नसते. ज्याने ‘सिल्मरिलियन’ वाचलेला नाही त्याला भाव कळतो. प्रसंग कळत नाही. हा दोष मानावा की स्वगताच्या प्रकाराची अंगभूत अट मानावी, याविषयी मतभेद संभवतो. तथापि अशी अट घालणारी रचना श्रोत्याला मूळ ग्रंथाकडे वळण्यास कारण देते, हेही तितकेच खरे.

दुसरी मर्यादा घनतेची. ‘ए नाइट ॲट द ऑपेरा’ मध्ये विषयांचा व्याप विलक्षण आहे : गॅलिलिओ, नीत्शे, ट्रिस्टन आणि इझोल्डे, तसेच ‘हिल्डेब्रांटस्लीड’ ही प्राचीन जर्मन वीरकविता. पिता आणि पुत्र समरांगणात समोरासमोर येतात, आणि कोण पडला हे सांगण्यापूर्वीच नवव्या शतकातील हस्तलिखित खंडित होते. निर्णयापाशी थबकलेल्या क्षणाचे वेड असलेल्या गीतकाराला ही कविता आकृष्ट करावी, यात नवल नाही. परंतु याच ध्वनिमुद्रिकेत आवाजांचे आणि गिटारींचे इतके थर साचले आहेत की एकट्या वक्त्याचा कंठ अनेकदा त्यांखाली दबतो. स्वगत आणि समूह यांचा तोल हे ज्या पद्धतीचे बळ, तो तोल येथे समूहाच्या बाजूने झुकला आहे. संगीताच्या दिशेविषयी बँडमध्येही एकमत राहिले नाही; आरंभापासूनचा ड्रमवादक थोमन श्टाउख २००५ मध्ये बाहेर पडला.

पुढील वाटचाल ही या तोलाच्या शोधाची म्हणता येईल. २०१० मधील ‘ॲट द एज ऑफ टाइम’ मध्ये काही गीतांना खऱ्या वाद्यवृंदाची जोड मिळाली. आणि ‘कर्स माय नेम’ या गीतासाठी मिल्टनचा, राजास जाब विचारण्याच्या प्रजेच्या अधिकाराचे समर्थन करणारा १६४९ मधील निबंध आधारास घेतला गेला. निबंधात कथा नसते; म्हणजे येथे तर वक्ता सर्वस्वी गीतकारालाच घडवावा लागला. २०१५ च्या ‘बियाँड द रेड मिरर’ मध्ये १९९५ च्या ‘इमॅजिनेशन्स फ्रॉम द अदर साइड’ मधील स्वरचित कथासूत्र पुढे नेले असून प्राग, बुडापेस्ट आणि बॉस्टन येथील समूहगायकांचा उपयोग केला आहे.

२०१९ मधील ‘लेगसी ऑफ द डार्क लँड्स’ हा सर्वांत धाडसी प्रयोग. त्याची कल्पना १९९० च्या दशकापासून मनात घोळत होती. यात बँडची गिटार आणि ड्रम नाहीत. प्रागचा वाद्यवृंद, गायकसमूह आणि क्युर्शचा कंठ एवढेच आहे. कथा तीस वर्षांच्या युद्धाच्या, म्हणजे १६१८ ते १६४८ या काळाच्या पार्श्वभूमीवरील असून मार्कुस हाइट्स या जर्मन कादंबरीकाराच्या त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या कादंबरीशी ती जोडलेली आहे. जोडखंडांत संवाद आणि गीतांत भाव, ही १९९८ मधील व्यवस्था येथे पुन्हा अवतरते. विद्युत्-गिटार काढून घेतल्यावरही रचना ओळखू येते. तिचे मर्म नादाच्या दणदणाटात नसून एक कंठ आणि अनेक कंठ यांच्या नात्यात आहे, याचा हा पुरावाच होय. त्यानंतर २०२२ मध्ये आलेल्या ‘द गॉड मशीन’ मध्ये गिटारी आणि द्रुत लय परतली, थर विरळ झाले. त्यातील एका गीतामागे आर्थर मिलरचे ‘द क्रूसिबल’ हे, समूहाच्या उन्मादापुढे उभ्या राहिलेल्या एकट्या माणसाचे नाटक आहे. विषयाची ही निवडही पूर्वीच्याच तत्त्वाशी सुसंगत आहे.

६. उपसंहार

वरील विवेचनातून तीन गोष्टी हाती येतात. एक, क्युर्शच्या संगीतावरील प्रभावांत मेटलच्या तीन प्रवाहांइतकेच, किंबहुना त्यांहून निर्णायक असे स्थान क्वीन आणि बीच बॉइज यांच्या बहुकंठी रचनेला आहे. दोन, संगीत प्रथम आणि शब्द अखेरीस, या क्रमामुळे तो ग्रंथाकडे कथानकासाठी न जाता वक्त्याच्या शोधात जातो. तीन, या दोहोंच्या संयोगातून अपराधी किंवा शापित व्यक्तीचे स्वगत आणि त्यास सामोरा येणारा समूह अशी एक स्थिर आकृती सिद्ध होते, आणि विषय टॉल्किनचा असो, होमरचा असो वा मिल्टनचा असो, ती बदलत नाही.

साहित्यकृतीचे दुसऱ्या माध्यमात रूपांतर होताना मूळ कृतीशी निष्ठा किती राखली गेली, हा निकष वारंवार लावला जातो. या उदाहरणावरून तो अपुरा ठरतो. ‘नाइटफॉल इन मिडल-अर्थ’ मध्ये ‘सिल्मरिलियन’ मधील बहुतेक घटना गळाल्या आहेत, कालक्रम मोडला आहे, आणि बखरीचा तटस्थ सूर तर मुळीच उरलेला नाही. तरीही त्या ग्रंथाने न सांगितलेले काही त्यात ऐकू येते. फेआनोरच्या शपथेचा परिणाम काय झाला हे बखर सांगते. ती शपथ घेतलेल्या माणसाला स्वतःविषयी काय वाटले असेल, याचा विचार गीताने केला. मूळ कृतीने जेथे मौन पाळले तेथे रूपांतर काय बोलते, हा प्रश्नही यापुढे अभ्यासकांनी निष्ठेच्या प्रश्नाबरोबरच विचारावयास हवा.